लहान मुलाच्या अंगावर अचानक पित्त उठलं, तर कारण कसं शोधायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एक ते चार वर्षांच्या मुलांच्या आईबाबांनी, आणि त्याहून जास्त वेळा आज्यांनी, मला दवाखान्यात विचारलेले आहेत. पित्त उठलं की घरातला प्रत्येक जण एकेक संशयित पुढे करतो: कालचं अंडं, परवाचा वाढदिवसाचा केक, नवा साबण, बागेतलं गवत. बहुतेक वेळा खरं कारण या यादीत नसतंच. ते कुठे असतं आणि कसं ओळखायचं, हे पुढे सांगितलं आहे. पहिला प्रश्न मात्र कारणाचा नाही, आणि तो आधी वाचा.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

नुसतं पित्त असेल, मूल खेळत असेल, नेहमीसारखं खातपीत असेल, तर ते डोक्यापासून पायापर्यंत उठलेलं असलं तरी जिवाला धोका नाही. दिसायला भयंकर दिसतं, एवढंच. ओठ किंवा पापण्या सुजल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर मुलावरून नजर हलवू नका.

पित्ताबरोबर पुढचं काहीही दिसलं तर थांबायचं नाही: आवाज घोगरा होणं, एकाएकी सुरू झालेला आणि न थांबणारा खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, जीभ सुजणं, लाळ गिळता न येणं, लागोपाठ उलट्या, अंग पांढरं पडणं, मान टाकणं. दोन वर्षांचं मूल ‘घशात कसंतरी होतंय’ असं सांगू शकत नाही. ते तोंडात बोटं घालतं, जीभ ओढतं, किंवा आत्तापर्यंत धावणारं मूल एकदम गळून खांद्यावर पडून राहतं. खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर थोड्याच वेळात असं झालं तर ती जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस समजा. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन हाताशी असेल त्यातून निघा. मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे वर. धाप लागली असेल तर मांडीवर बसतं ठेवा. उभं करू नका, चालवू नका.

यावरचं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फेनिरामिन आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. कुठल्याही दवाखान्यात शिरताना ‘पित्त उठलंय’ एवढंच सांगू नका. ‘पित्त उठलंय आणि श्वासाला त्रास होतोय’ हे पूर्ण वाक्य सांगा, म्हणजे रांगेत बसावं लागणार नाही. इंजेक्शननं बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबावं लागतं, कारण त्रास परत उसळू शकतो.

हे पित्तच आहे की दुसरं काही?

पित्ताची गांधी त्वचेवर फुगून येते, कडा ठळक असतात, मधला भाग कधी फिकट आणि भोवती लाली. आकार मुगाएवढा असेल नाहीतर तळहाताएवढा. दोन-चार गांध्या एकमेकींत मिसळून वेडेवाकडे चट्टे होतात. बोटानं दाबलं की रंग जातो, सोडलं की परत येतो. खाज भरपूर.

पण खरी खूण म्हणजे गांधी एका जागी टिकत नाही. एका गांधीभोवती बॉलपेननं रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. काही तासांनी ती रेघेच्या आतून नाहीशी झालेली असेल किंवा रेघ ओलांडून पसरलेली असेल, आणि पाठीवरचं पित्त मांडीवर आलेलं असेल. कुठलीही एक गांधी साधारणपणे २४ तासांच्या आत, मागे डाग न ठेवता, मावळते. सगळा त्रास मात्र त्याहून कितीतरी जास्त दिवस चालू शकतो.

रेघेच्या आतला फोड दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर पित्ताऐवजी दुसऱ्या गोष्टींचा विचार करायचा. कांजिण्यांमध्ये पाण्यानं भरलेले फोड येतात. गोवरात आधी ताप, खोकला, लाल डोळे, आणि मग कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ. घामोळं मानेवर, पाठीवर, घड्यांमध्ये बारीक दाण्यांसारखं असतं. खरजेत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, लहानग्यांच्या तळव्यांवरही पुरळ असतं आणि रात्री घरातले इतरही खाजवत असतात.

आणखी एक तपासणी घरी करता येते. काचेचा पारदर्शक पेला चट्ट्यावर दाबून धरा. लाली पुसट झाली तर ठीक. लाल-जांभळे ठिपके काचेखाली तसेच राहिले आणि मुलाला ताप असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. तो रक्तस्रावाचा डाग असतो, पित्ताचा नसतो.

मग सगळ्यात जास्त वेळा कारण काय निघतं?

विषाणू. सर्दी, घसा, जुलाब, दोन दिवसांचा साधा ताप. या वयात अचानक उठणाऱ्या पित्ताचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. आणि ते सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना एखाद्या पदार्थाचं नाव हवं असतं.

त्वचेत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामाइन साठवलेलं असतं. काही कारणानं ते बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतला द्रव त्वचेत झिरपतो, आणि तेवढा भाग फुगतो, खाजतो. अ‍ॅलर्जीमुळे या पेशी हिस्टामाइन सोडतात, तसंच विषाणूशी चाललेल्या झटापटीतही सोडतात. म्हणजे पित्त उठलं म्हणून कशाची तरी अ‍ॅलर्जी असलीच पाहिजे, असं नाही.

घोळ होतो तो वेळेमुळे. पित्त आजाराबरोबर येतं, तसंच ताप उतरून मूल खेळायला लागल्यावर काही दिवसांनीही येतं. तोवर सर्दी कुणाच्या लक्षात नसते आणि दुपारी खाल्लेलं केळं डोळ्यांसमोर असतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘काल काय खाल्लं?’ हा नसतो. ‘गेल्या दोन आठवड्यांत घरात किंवा पाळणाघरात कोण आजारी होतं?’ हा असतो.

विषाणूमुळे आलेलं पित्त काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, येत-जात राहतं. बऱ्याच मुलांत संध्याकाळनंतर जोर करतं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीचं पित्त असं रेंगाळत नाही. पदार्थ खाल्ला, थोड्या वेळात उठलं, काही तासांत मावळलं, फार तर एखादा दिवस. सोमवारी खाल्लेल्या अंड्याचं पित्त गुरुवारी नव्यानं उठत नाही. तुमच्या मुलाच्या अंगावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही नव्या गांध्या येत असतील, तर एवढ्यावरूनच पदार्थावरचा संशय बराच कमी करायला हरकत नाही.

खाण्यामुळेच झालं आहे, हे कशावरून ओळखायचं?

तीन गोष्टी एकत्र बघायच्या.

पहिली वेळ. खरी अ‍ॅलर्जी असेल तर पित्त काही मिनिटांत, बहुतेकदा अर्ध्या तासात आणि जवळजवळ नेहमीच दोन तासांच्या आत उठतं. रात्री साडेआठला जेवलेलं मूल सकाळी सहाला गांध्या घेऊन उठलं, तर रात्रीच्या जेवणाला दोष देणं कठीण आहे.

दुसरी, आधीचा इतिहास. जो पदार्थ मूल आठवड्यातून तीनदा मजेत खातं आणि पित्त उठलं त्याच्या दोन दिवस आधीही खाल्ला होता, तो अचानक दोषी ठरण्याची शक्यता कमी. उलट पहिल्यांदा, दुसऱ्यांदा खाल्लेला पदार्थ आणि वीस मिनिटांत ओठाभोवतीपासून सुरू झालेलं पित्त, ही जोडी गंभीरपणे घ्यायची. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या दुधाची किंवा पावडरच्या दुधाची पहिली बाटली दिल्यावर असं होतं, ते याच प्रकारचं.

तिसरी गोष्ट पुनरावृत्ती. अ‍ॅलर्जी मनाला येईल तेव्हा सुट्टी घेत नाही. तोच पदार्थ, पुरेशा प्रमाणात, त्याच रूपात पोटात गेला की ती पुन्हा दिसते. ‘त्याच रूपात’ म्हणायचं कारण, काही मुलांना अर्धकच्चं अंडं सोसत नाही पण केकमधलं भाजलेलं अंडं चालतं.

नेहमीची नावं थोडीच आहेत: दूध, अंडं, शेंगदाणा, काजूसारखा सुकामेवा, तीळ, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडा. आपल्याकडे हरभऱ्यासारख्या डाळींचीही उदाहरणं दिसतात. चॉकलेट, वांगं, केळं यांच्यावर घरोघरी आळ येतो, पण या वयाच्या पित्तात त्यांचा हात क्वचितच असतो. चॉकलेटनं उठलं असं वाटलं तर त्यातलं दूध आणि सुकामेवा बघा.

आम्ही दाणे कधी दिलेच नाहीत, मग दाण्याची अ‍ॅलर्जी कशी असेल?

मराठी घरात ‘दाणे दिले नाहीत’ हे वाक्य जपून म्हणावं. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, अळूच्या भाजीत अख्खे दाणे, आणि आजीच्या बोटावरून चाखवलेली चटणी. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात थोडी राहू शकतात. तिळाचंही तसंच: संक्रांतीला पहिल्यांदा तिळगूळ दिला म्हणावं, तर आधी भाकरीला लावलेले तीळ पोटात गेलेले असतात. पित्त उठलं त्या दिवशीच्या जेवणात काय काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच विचारा.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. भीतीनं दाणे, अंडी लांबवत राहणं हा उपाय नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित द्यायला सुरुवात केली, तेव्हा पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी दाणे टाळणाऱ्या मुलांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (अख्खा दाणा चार वर्षांपर्यंत देऊच नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट किंवा पातळ केलेलं लोणी द्यावं.) आधीच तीव्र इसब किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला सुरुवात करण्याआधी मात्र डॉक्टरांशी बोला.

बांगडा खाल्ल्यावर तिघांनाही एकदम लाली आली. घरभर अ‍ॅलर्जी?

नाही, हा वेगळाच प्रकार आहे, आणि किनारपट्टीच्या घरांनी तो माहीत करून घ्यावा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांमधला घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, गांध्या उठतात, डोकं दुखतं, जुलाब होतात. तळून, उकळून हे हिस्टामाइन नष्ट होत नाही, म्हणून ‘चांगला कडक तळला होता’ हे कामाचं नाही. एकाच ताटातलं खाल्लेल्या अनेकांना एकाच वेळी त्रास झाला, तर दोष त्या माशाच्या साठवणुकीचा. मूल पुढे ताजा बांगडा सहज खाऊ शकेल, पण ती खात्री डॉक्टरांकडून करून घ्या, कारण एकट्या मुलाला त्रास झाला असेल तर ती माशाची अ‍ॅलर्जीही असू शकते.

टोमॅटोचं सार खाल्लं की तोंडाभोवती लाल होतं. बंद करू?

फक्त जिथे रस लागला तिथेच लाली, आणि पुसल्यावर अर्ध्या-एक तासात गेली, तर ती बहुधा आंबट रसानं नाजूक त्वचा चुरचुरल्याची आहे. टोमॅटो, संत्रं, अननस, स्ट्रॉबेरीनं असं होतं. जेवणाआधी हनुवटीला थोडं व्हॅसलीन लावा आणि देत राहा. गांध्या पोटावर, पाठीवर उठल्या तर गोष्ट वेगळी.

आंब्याच्या चिकानं किंवा कच्च्या काजूच्या चिकानं होतं ते तर पित्तच नव्हे. तिथे एक-दोन दिवसांनी फोड येतात, कातडी सोलते. बिब्ब्यानंही तसंच होतं. लहान मुलाच्या त्वचेला बिब्बा कुठल्याही कारणानं लावू नये.

अँटिबायोटिक चालू असताना उठलं. म्हणजे औषधच ना?

कदाचित. पण औषध ज्या तापासाठी चालू केलं, तो तापही पित्त उठवू शकतो, आणि मुलांत बरेचदा तेच घडतं. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसलेल्या मुलांची नीट तपासणी केली तर त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ते औषध निर्धोक घेऊ शकतात. शिक्का मात्र फाइलीवर जन्मभर राहतो आणि प्रत्येक वेळी महागडं, जास्त तीव्र औषध दिलं जातं.

डोस दिल्यावर तासाभरात पित्त उठलं तर औषधावरचा संशय पक्का. पाचव्या-सहाव्या दिवशी उठलं तर कोडं. दोन्ही वेळा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बाटलीचा फोटो, पहिल्या डोसची तारीख, शेवटच्या डोसची वेळ आणि पित्त उठल्याची वेळ एवढं जवळ असू द्या. त्यावर पुढे काही वर्षांनीही निर्णय घेता येतो. पित्ताबरोबर सांधे सुजले, मूल चालायला तयार नाही, पुन्हा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

तापासाठी दिलेलं आयबुप्रोफेनही काही मुलांत पित्त उठवतं किंवा उठलेलं वाढवतं. पित्त असताना तापाला पॅरासिटामॉल बरं. अ‍ॅस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीच देऊ नये.

किडामुंगी चावली असेल का? पायांवर जास्त आहे.

पायांवर, हातांवर, म्हणजे कपड्याबाहेरच्या भागावर कडक, खाजऱ्या गाठी, मधोमध बारीक टोचल्याची खूण, आणि आठवडाभर तिथेच? मग हे डास, पिसू किंवा ढेकणांचं काम. बहुतेकदा दोन-तीन गाठी ओळीनं किंवा घोळक्यानं असतात. गंमत अशी की एक नवा डंख झाला की जुन्या जागाही पुन्हा फुलतात, त्यामुळे सगळं एकदम ‘उठल्यासारखं’ वाटतं. घरातल्या एकाच मुलाला होतं म्हणून डासांना सोडून देऊ नका. चावतात सगळ्यांनाच, शरीराची ही प्रतिक्रिया लहानग्यांत जास्त असते आणि शाळेच्या वयात हळूहळू कमी होते. मच्छरदाणी, पायजमा, गादीच्या शिवणी तपासणं, कुत्र्या-मांजराच्या पिसवांचा बंदोबस्त, हाच उपाय.

पावसाळ्यात सुरवंट विसरू नका. अंगणातल्या शेवग्यावर केसाळ सुरवंटांचे थर बसतात, त्यांचे केस वाऱ्यानं खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात, आणि ते झबलं घातलेलं मूल तासाभरात लालेलाल होतं. पित्त जर नेमकं झबल्याखालच्या भागावर असेल तर हे आठवा. त्वचा चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला म्हणजे केस निघतात, मग साबणपाण्यानं धुवा. कोकणात आणि घाटात हिवाळ्याच्या सुमारास वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांवरच्या लवीनंही असंच होतं. अशा वेळी आजूबाजूच्या मोठ्यांनाही खाज सुटलेली असते, हा चांगला पुरावा.

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर लांबच्या भागांवरही गांध्या उठल्या तर पहिल्या प्रश्नातली लक्षणं बघत राहा आणि डॉक्टरांना दाखवा.

साबण, पावडर, नवे कपडे?

यांनी जिथे स्पर्श होतो तिथे खाज किंवा खरखरीत पुरळ येतं. अंगभर फिरणारं पित्त सहसा नाही.

गार पाण्यानं, घामानं उठू शकतं?

उठतं. काही मुलांत पोहण्याच्या तलावातून बाहेर काढल्यावर किंवा गार वाऱ्यात गालांवर-हातांवर गांध्या येतात. काहींत घाम आला की टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. काहींच्या पाठीवर नखानं रेघ ओढली तर ती रेघच फुगून येते, डायपरच्या इलॅस्टिकखाली पट्टा उमटतो. हे प्रकार ओळखायला सोपे, कारण जागा आणि प्रसंग ठरलेले असतात. गारव्यानं उठणाऱ्या मुलाला तलावात किंवा नदीत एकदम उतरवू नका. सगळं अंग एकाच वेळी गार पडलं तर रक्तदाब उतरू शकतो.

जंतांमुळे असेल का?

दोन दिवसांपूर्वी उठलेल्या पित्तामागे जंत असण्याची शक्यता कमी. आठवडेच्या आठवडे चाललेल्या पित्तात शौचाची तपासणी करून बघतात. जंतनाशक गोळी तशीही द्यायचीच असते: राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी आणि त्यापुढे अख्खी ४०० मिलिग्रॅमची देतात. ती अंगणवाडीत द्या, पण तिच्यामुळे पित्त जाईल या आशेनं नको.

पित्त वाढवणारं खाणं बंद करायचं का? पथ्य काय?

पोटातल्या आम्लाशी या गांध्यांचा संबंध नाही. त्यामुळे आंबट, तिखट, ‘उष्ण’ म्हणून तूर, अंडं, गूळ सगळं बंद करून मुलाला पेज-भातावर ठेवण्यात काही हशील नाही. तापातून उठलेलं मूल त्यानं आणखी खंगतं. वर सांगितलेल्या कसोट्यांवर एखादा पदार्थ बसत असेल तर तो एकच थांबवा, डॉक्टरांना भेटेपर्यंत. बाकी ताट नेहमीचं.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यावं?

फोटो काढा, ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. दवाखान्यात पोचेपर्यंत त्वचा स्वच्छ झालेली असते आणि मग आम्हाला वर्णनावर भागवावं लागतं. एक जवळून, एक लांबून, उजेडात. मोबाईलच्या फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते.

मग मागे मागे जात लिहा. पहिली गांधी किती वाजता दिसली. त्याआधीच्या दोन तासांत काय पोटात गेलं, चाटलेलं-चाखलेलं धरून. त्याआधीच्या दिवसात कुठलं औषध, काढा, गुटी, टॉनिक दिलं. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी, जुलाब, लस. मूल कुठे खेळलं. पुढच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक ओळ पुरे: नव्या गांध्या आल्या का, औषध दिलं का. सांभाळणाऱ्या ताईंना विचारताना ‘तुम्ही काय दिलंत?’ असा सूर लावू नका. दिलेलं बिस्किट मग कधीच कळत नाही.

आमसुलाचं पाणी लावलं तर चालेल?

चालेल. आमसुलं भिजवलेलं गार पाणी अखंड त्वचेवर लावल्यानं गारवा मिळतो, खाज थोडी थांबते. साध्या गार पाण्याच्या ओल्या फडक्यानंही तेच होतं. खाजवून सोललेल्या जागी मात्र आमसूल झोंबतं. घोंगडीनं चोळणं किंवा घोंगडीत गुंडाळणं टाळा. ऊब आणि घर्षण दोन्हींनी हिस्टामाइन आणखी सुटतं. गेरूही नको, मूल हात तोंडात घालतं. कोमट पाण्यानं आंघोळ, सैल सुती कपडे, कापलेली नखं, हवं तर कॅलामाइन लोशन. एवढं पुरे.

औषध कुठलं देतात?

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन यांसारखी कमी गुंगीची अँटिहिस्टामाइन्स, वजनानुसार. त्यांनी कारण जात नाही, खाज आणि गांध्या आटोक्यात राहतात. दिवस-दोन दिवस देऊन थांबवलं की पुन्हा उठतं आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाटतं, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज द्या. थेंबांच्या आणि सिरपच्या बाटलीतली तीव्रता वेगळी असू शकते. जुनी बाटली संपून नवी आणली की मिलिलिटरचा हिशेब पुन्हा विचारा.

घरातलं सर्दीचं सिरप पित्तासाठी देऊ नका. त्यात बरेचदा असणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत, श्वास मंदावू शकतो. स्टेरॉइडचं सिरप स्वतःहून तर कधीच नाही.

गांध्यांच्या मधे जांभळट डाग आहेत आणि पावलं सुजली आहेत. काही गंभीर?

या वयात पित्ताचा एक प्रकार असतो, त्यात मोठी कंकणासारखी वर्तुळं उठतात, मधला भाग निळसर दिसतो, हात-पाय-पापण्या सुजतात, कधी थोडा ताप असतो. दिसतं भीतीदायक, पण तेही बहुधा विषाणूमागचं पित्तच. वर्तुळं जागा बदलतात, हीच ओळख. तरी हे फोटोवरून घरी ठरवू नका, डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.

‘शंभर पदार्थांची अ‍ॅलर्जी टेस्ट’ करून घ्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा उठलेल्या साध्या पित्तासाठी नको. रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत भाग घेणारं प्रतिपिंड) एखाद्या पदार्थासाठी ‘पॉझिटिव्ह’ आलं, तर त्याचा अर्थ शरीरानं त्याची नोंद घेतली आहे, इतकाच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. शंभर पदार्थ तपासले की काही ना काही पॉझिटिव्ह निघणारच, आणि मग गव्हासकट निम्मं ताट बंद झालेली, वजन न वाढणारी मुलं दवाखान्यात येतात. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासण्यांनी तर अ‍ॅलर्जी कळतच नाही. ते आधी खाल्लेल्या पदार्थांचं प्रतिबिंब असतं.

वेळेच्या हिशेबातून एखादा ठरावीक पदार्थ पुढे आला असेल, तर त्याच्यापुरती त्वचेवरची टोचणी-चाचणी किंवा रक्तचाचणी उपयोगी पडते. टोचणीआधी अँटिहिस्टामाइन काही दिवस बंद ठेवावं लागतं, किती ते चाचणी करणारे सांगतात.

पाळणाघरात पाठवू का? दुसऱ्यांना होईल?

पित्त पसरत नाही. ज्या सर्दी-तापामुळे उठलं तो पसरू शकतो. ताप नसेल आणि मूल खेळत असेल तर पाठवा.

लस घ्यायची होती, पुढे ढकलू?

साध्या पित्तासाठी लस चुकवायचं कारण नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी गोवर-रुबेलाची लस देतात. आधीच्या एखाद्या लसीनंतर तासाभरात अंगभर पित्त उठलं असेल तर मात्र पुढचा डोस देण्यापूर्वी तसं सांगा.

किती दिवस वाट पाहायची?

रोज किंवा जवळजवळ रोज उठणारं पित्त सहा आठवड्यांपलीकडे गेलं तर त्याला दीर्घकालीन म्हणतात आणि तपासण्यांची दिशा बदलते: रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, कधी इतर. तिथेही खाण्याची अ‍ॅलर्जी क्वचितच सापडते. त्याआधी ताप, सांधेदुखी, वजन घटणं, किंवा गांधी एका जागी दिवसभराहून जास्त राहून काळा डाग सोडत असेल, तर सहा आठवडे थांबू नका.

संशय आलेला पदार्थ घरी थोडासा देऊन बघू का?

पित्त खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत उठलं असेल तर नाही. चिमूटभरही नाही, ‘बोटावर लावून’ही नाही. मागच्या वेळी नुसतं पित्त होतं म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच थांबेल, याची खात्री देता येत नाही. अशी परीक्षा रुग्णालयात घेतात. मूल पूर्ण बरं असताना, अँटिहिस्टामाइन थांबवून, अगदी कणभरापासून सुरुवात करून थोड्या थोड्या वेळानं मात्रा वाढवतात, आणि अ‍ॅड्रेनलिन शेजारच्या टेबलावर भरून तयार असतं.

वेळ, इतिहास, पुनरावृत्ती यांपैकी काहीच जुळत नसेल, तर तो पदार्थ बंद करण्याचं कारणच नव्हतं. डॉक्टरांशी एकदा बोलून तो पुन्हा ताटात येऊ द्या. नेहमी खाल्ला जाणारा पदार्थ, विशेषतः इसब असलेल्या मुलाचा, विनाकारण कित्येक महिने तोडला तर पुढे त्याची खरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याची उदाहरणं आहेत. आणि अ‍ॅलर्जी खरी निघाली तरी दूध आणि अंड्याची बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाचीच. म्हणून दर वर्षा-दीड वर्षानं फेरतपासणी मागून घ्या.